‘टार्का’ आणि न दिसणारा वैरी

हेन्री विल्यमसन यांची ‘टार्का द ऑटर’ ही कादंबरी १९२७ साली प्रसिद्ध झाली आणि पुढील वर्षी तिला हॉथॉर्नडेन पारितोषिक मिळाले. ऑटर म्हणजे आपल्याकडील ऊद अथवा पाणमांजर. डेव्हन परगण्यातील टॉ व टॉरिज या दोन नद्यांच्या काठी वाढलेल्या एका उदाचे हे चरित्र होय. प्राण्याच्या तोंडी मनुष्यवाणी घालण्याचा मोह लेखकाने टाळला आहे. पंचतंत्रावर पोसलेल्या आपल्या अभिरुचीस हा संयम प्रथम रुक्ष वाटतो. परंतु त्यामुळेच नदी, मासे आणि ऊद ही एकाच जीवनक्रमाची अंगे असल्याचा प्रत्यय येतो.

तथापि या कथेची एक मर्यादा पुढे काळानेच उघड केली. येथील वैरी सारे दृश्य आहेत : शिकारी, त्यांच्या काठ्या आणि डेडलॉक नावाचा कुत्रा. प्रत्यक्षात १९५०नंतरच्या दशकात इंग्लंडातील ऊद झपाट्याने नाहीसा होऊ लागला, तो मुख्यतः डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांमुळे. बियाण्यास चोळलेले विष ओढ्यात, तेथून माशांत आणि माशांतून उदाच्या देहात साठत गेले. पॅसिफिक किनाऱ्यावरील सागरी ऊद काटेरी सागरप्राणी खाऊन समुद्रशैवालाची वने राखतो. नदीतील उदाचे कार्य इतके नाट्यमय नसेल, पण पाण्याच्या आरोग्याची साक्ष तोच देतो. त्या विषांवर निर्बंध आले, १९७८ साली कायद्याचे संरक्षण लाभले, आणि २०११पर्यंत तो इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात परतला.

वर्धा व पैनगंगा यांच्या दरम्यानचा आमचा यवतमाळ जिल्हाही दोन नद्यांचाच देश आहे, आणि कापसाचा. २०१७च्या फवारणीच्या हंगामात येथे वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. त्या विषांची जात निराळी होती. पण वैरी तसाच न दिसणारा. आपल्या बोलीत तर त्यास ‘औषध’ म्हणतात, म्हणजे भाषेनेच त्यावर पांघरूण घातले आहे! फवारणाऱ्याच्या श्वासात जे शिरते, ते पावसाबरोबर नाल्यात उतरण्यास कोणाची परवानगी मागत नाही.

काठी घेऊन येणाऱ्या वैऱ्याचे चित्र रेखाटणे सोपे असते. पाठीवर पंप बांधून कपाशीत शिरणारा मनुष्य मात्र वैरी नव्हे, तो पहिला बळी आहे. त्याची आणि नदीतील उदाची कथा एकच आहे, हे दाखविणारी कादंबरी मराठीस हवी आहे. तोवर ‘टार्का’ अवश्य वाचावी; मात्र सारा दोष डेडलॉकच्या माथी मारून स्वस्थ बसू नये.