कम्म, काम आणि प्रणाली-विचार

जोआना मेसी यांचा 'म्युच्युअल कॉजॅलिटी इन बुद्धिझम अँड जनरल सिस्टिम्स थिअरी' हा ग्रंथ १९९१ साली न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या प्रकाशनाने प्रसिद्ध केला. लेखिकेचे २०२५ साली निधन झाले. पटिच्चसमुप्पादाचा सिद्धान्त आणि बेर्टालान्फी प्रभृतींनी मांडलेले प्रणाली-शास्त्र यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आम्हास पालिच्या दृष्टीने तपासावासा वाटतो. आपण ज्याला 'काम' म्हणतो त्याविषयीची आपली दृष्टी या ग्रंथाने बदलू शकते, हे त्याचे मुख्य कारण होय.

ग्रंथाचे सूत्र असे की कारण आणि कार्य यांचा प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही. कार्य फिरून कारणावर परिणाम करते. याला तिपिटकात आधार आहे काय? आहे. संयुत्त निकायाच्या निदानवग्गात सारिपुत्त महाकोट्ठितांना परस्परांच्या टेकूने उभ्या असलेल्या वेताच्या दोन जुड्यांची उपमा देतात. विञ्ञाण आणि नामरूप हे तसे आहेत. एक जुडी ओढली की दुसरी कोसळते. दीघ निकायातील महानिदान सुत्तातही हेच परस्परत्व आहे. परंतु सुत्तांत बारा निदानांची साखळी बहुधा एका क्रमाने सांगितलेली असते, आणि त्या क्रमाला अर्थ आहे. लेखिका परस्परत्वावर इतका भर देतात की हा क्रम फिका पडतो, असे आमचे मत आहे.

कर्ता आणि कर्म एकत्रच उत्पन्न होतात, हे त्यांचे प्रतिपादन मात्र आम्हास सर्वात मोलाचे वाटते. आपला 'काम' हा मराठी शब्द 'कम्म' या प्राकृत रूपातूनच आलेला आहे. मनुष्य काम करतो आणि काम मनुष्याला घडवते. वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी शेतकरी, कारागीर, व्यापारी ही नावे कामावरून पडतात, जन्मावरून नव्हे, असे स्पष्ट केले. आपल्या देशात याच्या उलट झाले. कामाने नाव देण्याऐवजी नावानेच काम नेमून दिले. जाती ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते.

येथेच आमचा मुख्य आक्षेप येतो. 'सर्व काही परस्परसंबद्ध आहे, प्रत्येक भाग संपूर्णाची सेवा करतो' ही भाषा ऐकताच पुरुषसूक्ताची आठवण होते. तेथेही समाज हा एक देहच आहे. फक्त कोणाच्या वाट्याला मुख आणि कोणाच्या वाट्याला पाय, हे आधीच ठरलेले. संपूर्णाचा गौरव करणारा प्रत्येक विचार मुक्तिदायी असतोच असे नाही. पटिच्चसमुप्पादाचे वेगळेपण निरोधात आहे: जे प्रत्ययांनी उभे राहिले ते प्रत्यय काढले की पडते. प्रणाली-विचारातून हा निरोध वगळला, तर उरते ती निव्वळ सुसंवादाची स्तुती.

दुसरी अडचण दोषाची. पीटर सेंगे यांनी १९९० साली व्यवस्थापकांसाठी याच विचाराचे अकरा नियम सांगितले. त्यांतील शेवटचा, कोणालाही दोष न देण्याचा. एखाद्या कारखान्यात हा नियम उपकारक ठरत असेल. पण गटारात उतरलेल्या सफाई कामगाराचा मृत्यू घ्या. यंत्राची तरतूद नसलेले वा कागदावरच असलेले कंत्राट, त्याखाली उपकंत्राट, मुकादमाची घाई, रोजंदारीची गरज, आणि हे काम ठरावीक वस्तीतीलच माणसे करणार हे शतकांचे गृहीतक: इतके प्रत्यय एकत्र येतात, आणि चौकशीत मात्र मृताचाच निष्काळजीपणा दिसतो! प्रणाली-विचार हा खोटेपणा उघडा पाडतो, हे त्याचे ऋण आम्ही मानतो. मात्र 'व्यवस्थाच तशी' म्हणून कंत्राटदार सुटणार असेल, तर तो विचार आम्हास मान्य नाही. तथागतांनी चेतनेलाच कम्म म्हटले. प्रत्यय बदलण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती आहे, त्याची चेतनाही तेथे तपासली पाहिजे.

हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ व २०१३ साली झाले. गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख व ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये ठरविली. भरपाई हवीच, पण ती साखळीच्या शेवटच्या कडीला स्पर्श करते. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा चोराला धन देतो, नंतर त्याचा शिरच्छेद करतो, आणि दोन्ही उपायांनी चोऱ्या वाढतात. कारण निर्धनांना धन न देण्याचा मूळ दोष तसाच राहतो. कूटदन्त सुत्तातील पुरोहित हे ओळखतो. तो शेतकऱ्याला बी, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन देण्यास सांगतो.

मेसी यांचा ग्रंथ अभ्यासमंडळांनी अवश्य वाचावा, पण सिगालोवाद सुत्त शेजारी ठेवून. तेथे मालकाची कर्तव्ये आधी सांगितली आहेत: शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, वेळेवर सुट्टी. मूळ पाठात 'कम्मकर' या शब्दाआधी 'दास' हा शब्द आहे, तो काही भाषांतरांत सौम्य केलेला आढळतो. वाचताना तो गाळू नये.