मोडल व मुख्य क्रियापदांमधील क्रियाविशेषण : एका तथाकथित नियमाची चिकित्सा

इंग्रजी वाक्यात 'विल', 'शुड', 'मे', 'कॅन', 'मस्ट' यांसारखी मोडल साहाय्यक क्रियापदे आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालावे की घालू नये, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु इंग्रजीच्या अध्यापनात, संपादनात आणि कायद्याच्या मसुदालेखनात हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. क्रियापदाचा गट फोडू नये, अशी एक समजूत इंग्रजी लेखनाच्या परंपरेत दीर्घकाळ टिकून आहे. ही समजूत निराधार आहे, हे दाखवणे तुलनेने सोपे आहे. मात्र ती बाजूला सारल्यावर जो खरा प्रश्न शिल्लक राहतो, म्हणजे जागा बदलल्याने अर्थ कसा बदलतो, त्याकडे आपल्या पाठ्यपुस्तकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या समजुतीची सर्वाधिक गाजलेली चर्चा २००९ साली झाली. २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांच्या शपथविधीप्रसंगी अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी शपथेतील शब्दक्रम बदलला. अमेरिकन राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात 'फेथफुली' हे क्रियाविशेषण 'विल' आणि 'एक्झिक्यूट' यांच्यामध्ये आहे. रॉबर्ट्स यांनी ते वाक्यांशाच्या अखेरीस नेले. ओबामा क्षणभर थांबले, रॉबर्ट्स यांनी सावरण्याचा प्रयत्न केला, आणि अखेर ओबामांनीही 'फेथफुली' शेवटीच उच्चारले. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमधील मॅप रूममध्ये शपथ पुन्हा घेण्यात आली. एका क्रियाविशेषणाच्या स्थानामुळे राष्ट्राध्यक्षाच्या शपथेची पुनरावृत्ती व्हावी, हे व्याकरणाच्या इतिहासातील विरळा उदाहरण म्हणावे लागेल.

भाषावैज्ञानिक स्टीव्हन पिंकर यांनी त्याच महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये याचे स्पष्टीकरण दिले. क्रियापदाचा गट फोडू नये हा नियम रॉबर्ट्स यांच्या अंगवळणी पडला असावा आणि त्यांच्या मनाने नकळत राज्यघटनेचेच संपादन केले असावे, असा त्यांचा तर्क होता. त्याला पार्श्वभूमीही होती. अमेरिकन विधी-नियतकालिकांच्या संपादनात अशी विभागणी टाळण्याकडे कल होता आणि 'टेक्सास लॉ रिव्ह्यू'ची शैलीपुस्तिका या बाबतीत प्रसिद्ध होती. तर्क आकर्षक आहे, पण तो पूर्णपणे पटत नाही. त्याच शपथेच्या आरंभी 'डू' आणि 'स्वेअर' यांच्यामध्ये 'सॉलेम्नली' आहे. तेथेही साहाय्यक आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण येते. परंतु रॉबर्ट्स यांनी त्याला हात लावला नाही. नियमच काम करत होता असे मानले, तर तो पहिल्या ठिकाणी स्वस्थ का बसला, याचे उत्तर पिंकर यांच्या स्पष्टीकरणात मिळत नाही. पाठांतरावर भिस्त ठेवून म्हटलेल्या वाक्यात शब्द मागेपुढे होणे हे साधे कारणही पुरेसे ठरू शकते.

नियमाचे मूळ शोधू गेल्यास आपण 'स्प्लिट इन्फिनिटिव्ह'च्या वादापाशी येतो. हेन्री अल्फर्ड यांनी 'अ प्ली फॉर द क्वीन्स इंग्लिश' (१८६४) या ग्रंथात 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालण्यास आक्षेप घेतला. लॅटिनमध्ये हे रूप एकशब्दी असल्यामुळे इंग्रजीतही ते फोडू नये असा हा आक्षेप होता, असे सर्वत्र सांगितले जाते. अल्फर्ड यांचे म्हणणे मात्र एवढेच होते की, इंग्रजी भाषकांत अशी रचना आढळत नाही. वस्तुतः ती चौदाव्या शतकापासून आढळते. पुढे 'टू'विषयीची ही भीती सर्वच संयुक्त क्रियापदांना चिकटली. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज'मध्ये नेमके हेच निदान केले आणि साहाय्यक व मुख्य क्रियापद यांमधील जागा हीच क्रियाविशेषणाची स्वाभाविक जागा होय, असा निर्वाळा दिला. तरीही असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तिकेने आपला सूर २०१९ साली सैल केला. म्हणजे फाउलर यांच्यानंतर नव्वदांहून अधिक वर्षांनी!

मोडलच्या बाबतीत तर या नियमाला भाषेच्या इतिहासाचाही आधार नाही. 'विल', 'शॅल', 'कॅन' ही प्राचीन इंग्रजीत स्वतंत्र क्रियापदे होती. इच्छिणे, देणे लागणे, जाणणे हे त्यांचे अर्थ होते. दोन क्रियापदे शेजारी आली म्हणून त्यांचा एक शब्द होत नाही. शिवाय पारंपरिक व्याकरण 'नॉट' आणि 'नेव्हर' यांनाही क्रियाविशेषणच मानते. 'शॅल नॉट' अथवा 'विल नेव्हर' यांना कोणीही दोष देत नाही. तेव्हा हा नियम खरोखर पाळायचा, तर इंग्रजीत नकारही नीट देता येणार नाही.

येथवर नियमाचे खंडन झाले. आता अर्थाकडे वळू. पुढील तीन वाक्ये पाहावीत : 'दे शुड एक्सप्लेन द रूल क्लिअरली', 'दे क्लिअरली शुड एक्सप्लेन द रूल' आणि 'दे शुड क्लिअरली एक्सप्लेन द रूल'. पहिल्या वाक्यात 'क्लिअरली' समजावण्याची रीत सांगते. दुसऱ्यात ते बोलणाऱ्याचा अभिप्राय व्यक्त करते. नियम समजावून सांगायला हवा हे उघडच आहे, असा त्याचा आशय आहे. तिसऱ्या वाक्यात हे दोन्ही अर्थ संभवतात. रे जॅकेनडॉफ यांनी १९७२ च्या ग्रंथात अशा क्रियाविशेषणांचे स्थान आणि अर्थ यांतील संबंध तपशिलाने मांडला. पुढे जाँ-इव्ह पोलॉक यांनी १९८९ मध्ये इंग्रजी व फ्रेंच यांच्या तुलनेतून क्रियाविशेषणाचे स्थान हे वाक्यरचनेच्या अंतर्गत थरांचे निदर्शक असल्याचे दाखवले. मधली जागा ही अशा दोन थरांच्या सीमेवर आहे. म्हणूनच ती सोयीची आहे आणि म्हणूनच ती कधीकधी धोक्याचीही ठरते.

नकारात हा फरक अधिक ठळक होतो. 'आय रिअली कान्ट से' म्हणजे मला खरोखरच सांगता येणार नाही. 'आय कान्ट रिअली से' म्हणजे मला तसे ठामपणे सांगता येत नाही. शब्द तेच, व्याप्ती निराळी. 'प्रॉबॅब्ली' तर 'कान्ट'च्या आधीच शोभते, कारण शक्यता नकारासह संपूर्ण विधानाला कवेत घेते. या निकषावर शपथेतील 'फेथफुली' पाहिले तर असे दिसते की, ते निखळ रीतिवाचक असल्यामुळे अखेरीस गेल्याने अर्थाला फारशी बाधा आली नाही; बाधा आली ती घटनेतील विहित शब्दांना. थोडक्यात, गाजलेले उदाहरण अर्थाच्या दृष्टीने सर्वांत निरुपद्रवी होते.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात क्रियापद एकाहून अधिक शब्दांचे असल्यास 'ऑल्वेज', 'नेव्हर', 'ऑफन' यांसारखी क्रियाविशेषणे पहिल्या शब्दानंतर ठेवावीत असे सांगितले आहे. 'हॅव टू' आणि 'यूज्ड टू' यांच्या बाबतीत ती आधी येतात, याचीही नोंद तेथे आहे. म्हणजे क्रियापद फोडू नये या समजुतीचा दोष या पुस्तकाला देता येत नाही. त्याची उणीव वेगळी आहे : स्थान ही तेथे केवळ जागा म्हणून शिकवली जाते, अर्थाशी तिचा सांधा जुळवला जात नाही.

हा सांधा जुळवण्यासाठी मराठी भाषक अध्यापकाजवळ एक उत्तम साधन आहे. मराठीत 'येऊ शकेल', 'सांगायला हवा' अशा रचनांमध्ये मुख्य क्रियापद आधी आणि साहाय्यक नंतर येते. 'कदाचित', 'स्पष्टपणे' ही क्रियाविशेषणे सामान्यतः या गटाच्या आधी येतात. 'तो येऊ कदाचित शकेल' असे आपण म्हणत नाही. तथापि 'येऊच शकत नाही', 'येऊही शकेल', 'सांगायलाच हवा' यांत 'च' आणि 'ही' नेमके मध्ये शिरतात, हेही ध्यानात घ्यावे. मराठी विद्यार्थी 'ही प्रॉबॅब्ली विल कम' असे लिहितो, त्यामागे बहुधा मातृभाषेचा हाच क्रम असतो. ते वाक्य चुकीचे नाही. 'विल'वर आघात असेल तर ते योग्यच आहे. आघाताविना मात्र ते किंचित अवघडलेले वाटते.

अधिक महत्त्वाचे असे की, 'शुड क्लिअरली एक्सप्लेन'मधील संदिग्धता मराठीत उतरवताना टिकत नाही. 'नियम स्पष्टपणे सांगायला हवा' आणि 'नियम सांगायला हवा हे उघड आहे' यांपैकी एकाची निवड करावीच लागते. अनुवादाची ही सक्ती वर्गात वापरली, तर क्रियाविशेषणाची व्याप्ती विद्यार्थ्याला परिभाषेशिवाय कळते. प्रश्नपत्रिकेत 'कंसातील क्रियाविशेषण योग्य जागी घाला' असा एका गुणाचा प्रश्न विचारला जातो आणि उत्तरसूचीत एकच जागा दिलेली असते. 'ऑफन'साठी ते बहुतांशी चालते. 'क्लिअरली', 'रिअली' किंवा 'ऑनेस्टली' दिले असेल, तर अपेक्षित अर्थ सांगितल्याखेरीज तो प्रश्न विचारताच येणार नाही, आणि दुसऱ्या जागी शब्द ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचा गुण कापण्यास परीक्षकाजवळ व्याकरणाचा कोणताही आधार उरत नाही.