कविता न वाचलेले दोन दिवस

गेल्या हिवाळ्यात धाकट्या जावेच्या मुलीबरोबर मी पणजीला एका आंतरराष्ट्रीय परिषदेला गेले. विषय होता साहित्याचे अध्यापन. तिला निबंध वाचायचा होता, मला नुसतं ऐकायचं होतं. नोंदणीच्या कागदावर ‘संस्था’ असा रकाना होता. तिथे मी ‘गृहिणी’ लिहिलं, तर टेबलावरच्या मुलीने माझ्याकडे दोनदा पाहिलं. असो.

पहिल्या दिवशी परदेशाहून आलेल्या एक बाई लुईझ रोझेनब्लाटविषयी बोलल्या. या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९३८ सालीच मांडलं होतं की साहित्याचा अर्थ छापील पानावर तयार पडलेला नसतो. वाचणारा आपलं आयुष्य घेऊन पानाशी येतो आणि त्या भेटीत तो घडतो. मला हे फार पटलं. चातुर्मासात आम्ही बायका स्वाध्यायाला बसतो, तेव्हा एकच ओळ एकीला सासर आठवून देते, दुसरीला मुलाचं आजारपण. एवढ्यासाठी तरी आलो ते बरं झालं, असं वाटलं.

पण पुढे काय? बोरकरांवर तीन निबंध झाले. बोरकर स्वतः आपल्या कविता गाऊन म्हणत, ऐकणारे त्यात न्हाऊन निघत. इथे तिन्ही निबंधांत मिळून एक कविता पुरती ऐकू आली नाही. पडद्यावर चौकोन आणि बाण, आणि पंधरा मिनिटं संपली की अध्यक्षांची चिठ्ठी. वाचकाच्या स्वातंत्र्यावर एवढं बोलणं झालं, पण खरा वाचक, म्हणजे वर्गातलं मूल, सभागृहात कुठे नव्हतंच.

ते आणलं पेडण्याकडच्या एका शिक्षिकेने, शेवटच्या रांगेतून. म्हणाल्या, “सर, माझी मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात. पाचवीपासून इंग्रजी. मराठी एक विषय तेवढा उरतो. पस्तीस मिनिटांच्या तासात ही भेट मी कशी घडवू?” अध्यक्ष म्हणाले, प्रश्न फार महत्त्वाचा आहे, चहाच्या वेळी बोलू. चहाच्या वेळी बाई म्हापशाची बस पकडायला निघून गेल्या होत्या.

मला तो प्रश्न साधा वाटला नाही. १९६१ नंतर बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. पेडण्यात, डिचोलीत कितीतरी घरांतलं पहिलं अक्षर तिथेच उमटलं. या मुलांच्या कानावर साहित्य आधीच असतं. देवळातलं भजन असतं, रात्रभर चाललेला दशावतार असतो. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतो, आणि मूल डोळे ताणून ऐकतं. तेच मूल वर्गात येतं, तेव्हा त्याच्यापुढे ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ हा प्रश्न ठेवतात, आणि उत्तर गाईडमध्ये छापलेलं असतं.

मी तरी कुठे वेगळी वागले? माझ्या लेकीने दहावीच्या सरावात एका कवितेवर लिहिलं होतं की यातल्या आईचा मला राग येतो. मी ते खोडलं. “मार्क जातील गो,” म्हटलं, आणि गाईडमधलं उत्तर पाठ करून घेतलं. मार्क मिळाले. त्यानंतर तिच्या हातात कवितेचं पुस्तक मी पाहिलेलं नाही. परदेशी बाई बोलत होत्या तेव्हा मला ते खोडलेलं पान दिसत होतं.

पुढची परिषद भरवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. एक सकाळ त्या शिक्षिकेला द्या. पाचवीची वीस मुलं घेऊन तिला व्यासपीठावर बोलवा, एक कविता मोठ्याने वाचू द्या आणि विद्वानांनी खाली बसावं. निबंध दुपारनंतर.

माझ्या पुतणीचा निबंधही त्याच साच्यातला होता, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. परतीच्या कदंबात ती म्हणाली, “काकी, कसा झाला?” मी म्हटलं, “ती कविता आधी म्हण बघू.” तिला दोन कडवी येत होती. पुढची मोबाईलवर शोधेपर्यंत डिचोली आली.