मेद-ऊती, दाह आणि ‘वाय-वाय विरोधाभास’ : एक चिकित्सा

‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वाय-वाय विरोधाभास’ या टिपणात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन या लेखकद्वयाचेच छायाचित्र आहे. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, शरीरातील मेद मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के. दोन व्यक्तींवरून समाजाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, ही या टिपणाची मर्यादा होय. शिवाय मेदाचे प्रमाण म्हणजे मेदाचे कार्य नव्हे. मेद-ऊती लेप्टिन, अ‍ॅडिपोनेक्टिन व दाहकारक टीएनएफ-अल्फा स्रवते. पोटातील मेद वाढला की सामान्यतः अ‍ॅडिपोनेक्टिन घटते, दाह वाढतो व इन्सुलिन-प्रतिरोध बळावतो. ही साखळी छायाचित्रातून उलगडत नाही. तथापि केवळ वजन-उंचीवर विसंबल्यास सडपातळ मधुमेही तपासणीतून निसटतो, हा या टिपणातून मिळणारा इशारा मोलाचा ठरतो.