पाणी पाहायचे की राखायचे?

मावळात पाण्याकाठी कलासंग्रहालय बांधायचे म्हटले, की पवनेच्या जलाशयाकडे तोंड केलेली काचेची भिंत डोळ्यांपुढे येते. तीत पाणी म्हणजे निव्वळ देखावा. लोणावळ्याजवळची भाजे लेणी याहून शहाणी आहेत. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून कोरल्या गेलेल्या या लेण्यांत चैत्य-विहारांबरोबर कातळात पाण्याची टाकीही खोदली आहेत. डोंगरावरचा पाऊस त्यांत साठे. महारठी विण्हुदत्ताने एक टाके दान केल्याचा लेख तेथे आहे. मशिदीच्या अंगणातल्या हौदाशी तर आपली ओळख जुनीच. तेथेही पाणी शोभेआधी उपयोगाचे. नव्या वास्तुकाराने आधी टाके खोदावे, मग दालने आखावीत. चार महिने पाऊस झेलून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे संग्रहालय कितीही देखणे असो, ते मावळचे नव्हे.