‘डिस्को जाझ’ : संगम की मिश्रण?

रूपा बिस्वास यांच्या ‘डिस्को जाझ’ या ध्वनिमुद्रिकेचे मूल्यमापन करताना तिच्या दुर्मीळतेची कथा आणि तिचे सांगीतिक मूल्य या दोन बाबी स्वतंत्र ठेवणे आवश्यक ठरते. कॅनडातील कॅल्गरी येथे साकारलेली ही चार रचनांची तबकडी मेगाफोन कंपनीने १९८२ मध्ये प्रकाशित केली. ‘कुर्बानी’ (१९८०) आणि ‘डिस्को दीवाने’ (१९८१) यांनी भारावलेल्या भारतीय बाजारपेठेत तिची दखल घेतली गेली नाही. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने २०१९ मध्ये ती पुन्हा काढली, तेव्हा ‘हरवलेला ठेवा’ असे तिचे कौतुक झाले. विस्मृती हा मात्र कलागुण नव्हे.

अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताच्या कोटींमध्ये ‘संगमसंगीता’ला स्वतंत्र स्थान दिले. तो निकष येथे उपयुक्त ठरतो. डिस्कोचा ठेका चारही मात्रांवर जवळजवळ समान आघात देतो. समेची ओढ आणि खालीची विश्रांती त्यात नाही. अशा सपाट कालपटावर आशिष खाँ यांचा सरोद वाजतो. ‘आज शनिबार’मध्ये मींडेने लांबवलेला स्वर ठेक्याच्या मागे किंचित रेंगाळतो. हा रेंगाळलेपणाच रचनेचा प्राण आहे. गायिकेचा आवाजही ताणविरहित, काहीसा स्वगतासारखा; चित्रपटगीतातील आर्जव त्यात नाही. सर्वांत दीर्घ असलेल्या चौथ्या रचनेत गिटार आणि सरोद यांना विस्ताराला अवकाश मिळतो. शीर्षकातील ‘जाझ’ सार्थ ठरतो तो याच ठिकाणी, आणि तोही स्वरसंवादापेक्षा उत्स्फूर्ततेच्या अंगाने. (आशिष खाँ यांना हा मार्ग अपरिचित नव्हता, झाकीर हुसेन यांच्यासमवेत ‘शांती’ या गटात त्यांनी १९७१ मध्येच रॉकशी संवाद साधला होता.)

‘मोजा भारी मोजा’विषयी इतके अनुकूल मत देता येत नाही. तेथे नृत्याचा वेग प्रभावी ठरतो आणि भारतीय वाद्ये अलंकरणापुरती उरतात. एकाच तबकडीत संगम आणि मिश्रण शेजारी नांदतात, हे पुनर्शोधाच्या उत्साहात नजरेआड झाले. प्राणेश खाँ यांच्या तबल्याची स्थिती तर अधिकच चिंत्य आहे. सरोदाला ठेक्यापासून मागे सरण्याची मुभा आहे. तबल्याला बहुतांशी ड्रमच्या आघातांना पूरक राहावे लागते. ‘जाझ’ म्हणवणाऱ्या रचनेत तालवाद्यालाच उत्तर देण्याची संधी नाकारली जावी, हे आश्चर्यकारक आहे.