भाऊबंदकीचा जुना भाष्यकार

दिवाळीच्या फराळाबरोबर इब्न खल्दून कशाला, असे कोणी म्हणेल. पण भाऊबिजेच्या सणाला इतका समर्पक ग्रंथकार शोधून सापडायचा नाही! ट्यूनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या या पंडिताने 'मुकद्दिमा'चा पहिला खर्डा १३७७ मध्ये, आजच्या अल्जीरियातील एका गढीत बसून, अवघ्या पाच महिन्यांत लिहिला. राज्य उभे राहते ते 'असबिय्या'च्या बळावर. चैनीने ती विरते आणि साधारण तीन पिढ्यांत, म्हणजे १२० वर्षांत, राज्य मोडते, हा त्याचा सिद्धांत.

फ्रान्झ रोझेन्थाल यांच्या तीन खंडांच्या इंग्रजी भाषांतरात (१९५८) या शब्दाला 'समूहभावना' अशा अर्थाचा प्रतिशब्द आहे. तो चूक नव्हे, पण कोरडा आहे. आपली 'भाऊबंदकी' किती बोलकी! मुळात नात्याचा शब्द, आज भांडणाचा. इब्न खल्दूनचे अर्धे तत्त्वज्ञान या एका शब्दाच्या प्रवासात आले.

त्याचे गणित मात्र सर्वत्र जुळत नाही. उस्मानी घराणे सहाशे वर्षे टिकले. तरीही सत्ता आधी आतून पोखरते, हे त्याचे निदान सहज खोडता येत नाही. तिन्ही खंड ज्यांना झेपणार नाहीत, त्यांनी राजघराण्यांवरचे तिसरे प्रकरण तरी अवश्य वाचावे.